मंदीच्या हंगामातला बहार

गणेशपेठ, नागपूर
२९ जुलै १९७४

शोभे,

वर 'अनेक आशीर्वाद' नाही दिसले म्हणून पाकीट उलटंपालटं करू नको. ते मी लिहिलेच नाही. ताई रागात आहे.

काल आम्ही दोघं नवरा-बायको तुझ्या बँकेच्या इथल्या शाखेत गेलो होतो. दर वर्षी याच दिवसांत जातो. संत्र्याचा आंबिया बहार झाडावर लिंबाएवढा झाला का मालकाले बयाण्याचे आगाऊ पैसे द्यायचे, अख्खा बगीचा उभा घ्यायचा, मंग फळ उतरेपर्यंत राखण आपली, पेट्या आपल्या, वॅगनची मारामारी आपली. बयाण्यासाठी बँक कर्जाची लिमिट देते, दिवाळीनंतर माल विकला का आम्ही भरून टाकतो. तू बगीच्यातच लहानाची मोठी झाली, तुले हे काहून सांगून राहिली मी? कारण तुझा कागद ऐकला आन वाटलं, पोरगी सारं विसरली.

मधुकरराव म्यानेजरनं तो कागद आमच्यासमोर ठेवला. मुंबईच्या हेड ऑफिसचं सर्क्युलर. रिझर्व्ह बँकेनं दर वाढवून नऊ टक्के केला, म्हणून सगळ्या शाखांनी व्यापाऱ्यांची लिमिटं अर्धी करायची, आन सप्टेंबर संपेपर्यंत हात आखडता ठेवायचा, कारण हा 'मंदीचा हंगाम' आहे. खाली सही. इंग्रजीत, तिरपी, ऐटबाज. हे पाहतात तर काय, "अवं, ही तर आपली शोभा!" आन असे खुलले, जसं काही लिमिट वाढवूनच मिळाली. म्यानेजर पण उठून उभा राहिला. म्हणे, "तुम्ही बोंद्रे मॅडमच्या बहीण? आधी नाही सांगितलं!" चहा मागवला. चहा दिला आन लिमिट कापली.

मी विचारलं, "साहेब, मंदीचा हंगाम कोणाचा?" तर म्हणे, "कापसाचा, धान्याचा. मे ते ऑक्टोबर व्यापार थंड असतो." अरे बाप्पा! आमचा तर याच महिन्यांत पेटलेला असतो. ऑक्टोबरात पैसा घेऊन काय झाडाले ओवाळू?

तुझा फोटो मिळाला. समुद्र मागे, तू पुढे, हातात पर्स. बाबाइनं तो भिंतीवर लावला, मायच्या फोटोच्या बाजूले. माझा एकही फोटो त्या भिंतीवर नाही. मी म्हटलं तर म्हणे, "तू तर रोज दिसते." रोज दिसणाऱ्याचा फोटो लावत नाहीत, हे मले तेहतिसाव्या वर्षी समजलं.

ध्यानात ठेव, मी तुले काही मागून नाही राहिली. फक्त सांगून राहिली.

सिंधू


११ ऑगस्ट १९७४

शोभे,

तुझं पत्र आलं. पत्र कायचं, तास होता शाळेचा. महागाई भडकली, बाजारात पैसा जास्त झाला, तो आटवला का भाव उतरतील. समजलं. तेल, रॉकेल, साखर, सगळ्याची रांग मी पण लावते, महागाई मले कोणी शिकवायची गरज नाही. पण पुढे तू लिहिते, "नियम देशभर सारखाच आहे ताई, यात कोणावर अन्याय नाही." हे वाचून माझ्या अंगाची अशी लाही झाली का काय सांगू! लहानपणी मायनं लुगड्याचं कापड दोघींत सारखं वाटलं होतं, आठवते? तू बोटभर होती, तुझा परकर घोळदार झाला. माझा गुडघ्यावर आला. वाटलं तर सारखंच होतं.

मधुकररावले मी पुन्हा जाऊन खोदून विचारलं. माणूस वाईट नाही. तो म्हणाला, मुंबईचा दर तोच, कागद पण तोच. पण तिथल्या व्यापाऱ्याले दहा दारं आहेत. एका बँकेनं नाही म्हटलं तर दुसरी, दुसरीनं नाही म्हटलं तर सराफाची हुंडी, कंपन्या तर लोकांकडून सरळ ठेवी घेऊन राहिल्या. नागपूरच्या संत्रावाल्याले एकच दार, त्याची शाखा. म्हणजे पाह्य, रिझर्व्ह बँकेनं सगळ्यांच्या विहिरीवर एक-एक झाकण ठेवलं. ज्याच्या वावरात पाच विहिरी, त्यानं दुसरीवर मोट लावली. आमची एकच होती, वं.

आन त्या एका विहिरीतलं पाणी तरी आमचंच ना! बाबाइची ठेव त्याच शाखेत आहे, आमच्या गल्लीतल्या मास्तरची, किराणावाल्याची, सगळ्यांची. मधुकरराव म्हणे, इथे ठेवी जमतात भरपूर, पण कर्जाले उचलल्या जातात तिकडेच. मले तर हसूच आलं. ठेव पण तुझ्यासारखीच निघाली. वाढली नागपुरात, कामाले आली मुंबईत.

याचा परिणाम ऐक. मुंबईच्या एका मोठ्या आडत्याचा माणूस पंधरवड्यापासून इथे फिरून राहिला. ब्याग भरलेली. काटोल रोडचे बगीचे त्यानं मातीमोल घेतले, कारण समोर बोली लावणारा नागपूरचा एकही माणूस उभा नाही. आमच्या अर्ध्या लिमिटीत पेट्यांचं लाकूड आन गवत झालं, बहार काही झाला नाही. आता तो माणूस हिंगण्याकडे वळला आहे. हिंगण्याकडे कोणाचा बगीचा आहे, हे तरी विसरली नसशील.

बाबाइचा बहार आजवर मीच घेतला. लग्न होऊन आली त्या वर्षापासून. आन पहिल्या वर्षी बाबाइनं चार माणसांसमोर माझ्याकडून बयाणा मोजून घेतला होता. म्हणे, "बगीचा दोघी पोरींचा आहे. एकीले फुकट देऊ तर दुसरीचा वाटा खाल्ल्यासारखा होईल." म्हणजे मुंबईत बसून पण तू माझ्या बयाण्यात होतीच. मी कुरकुर नाही केली. तुझ्याजवळ कॉलेज होतं, नोकरी होती, समुद्र होता. माझ्याजवळ एक होतं, का बाबाइचा बगीचा माझ्या हातानं बाजारात उतरते. लोक पेटीवरचा शिक्का पाहून म्हणतात, बापाचं झाड आन पोरीची पेटी. पोळ्याच्या आत बयाणा नाही ठेवला तर तेही जाईल. झालं, सांगून टाकलं.

तू विचारलं म्हणून लिहिते, तुझ्या उपकारासाठी नाही. आंबिया बहाराचा पैसा लागते जुलै ते सप्टेंबर, फिरून येते डिसेंबरात. मृग बहाराचा लागते नोव्हेंबरात, फिरून येते मार्च-एप्रिलात. तुमच्या कापसाशी याचा काही संबंध नाही. आमच्यासारखे वीस-बावीस व्यापारी या शाखेत आहेत, कोणी आजवर बुडवलं नाही. आन वसंतराव पैसे पाठवायले तयार आहेत असं जे शेवटी लिहिलं, ते पुन्हा लिहू नको. बहिणीच्या नवऱ्याच्या पगारावर मी बापाचा बगीचा घेऊ? त्यापेक्षा मुंबईचा माणूस घेऊन गेलेला बरा.

सिंधू


१९ ऑगस्ट १९७४

शोभे,

पोळा झाला. बयाणा नाही झाला.

परवा आम्ही पुरणपोळ्या घेऊन बगीच्यात गेलो. बाबाइची बैलजोडी सजवली होती, शिंगं रंगवली होती. आन पाहते तर पहिल्या झाडाखाली, जिथे मी दर वर्षी बसते, तिथे मुंबईचा माणूस बसलेला. पांढरे बूट. बाबाइले 'काका' म्हणून राहिला होता. ब्याग मांडीवर, चेन अर्धी उघडी. आमच्या हातात डबा. हे तर मागच्या मागेच विहीर पाहायले निघून गेले.

त्यानं भाव सांगितला. वाईट नव्हता, खोटं कायले बोलू, काटोल रोडपेक्षा बराच होता. बाबाइनं माझ्याकडे पाहिलं. मी डब्याचं झाकण लावलं, काढलं, लावलं. मंग बाबा त्याले म्हणतात, "भाऊ, आज अमावस्या, उद्यापासून धोंड्याचा महिना लागते. आमच्या घरी धोंड्यात बयाणा घेत नाहीत. कोणाचाच नाही. महिना निघू दे, मंग पाहू."

तो म्हणाला, "काका, बाकी सगळे तर घेऊन राहिले."

बाबा म्हणे, "ज्याच्या घरची त्याची रीत, गा."

त्यानं ब्याग बंद केली. शोभे, मी तिथेच झाडाले हात जोडले. मी म्हटलं, वा रे अधिक महिन्या! तीन वर्षांत एकदा येते, पण कसा वेळेवर आला. रिझर्व्ह बँकेनं मले अडवलं, आन पंचांगानं मुंबईच्या ब्यागेले अडवलं. आता एक महिना मिळाला. ह्यांचा एक मित्र कामठीले मागांचा धंदा करतो, त्याले उसन्या पैशाचं विचारून राहिलो. पण त्याचेच माग अर्धे बंद, सुताले पैसा नाही. तोच कागद त्याच्याही बँकेत आला म्हणे. तुमचा कागद आहे का देवीचा रोग, घरोघरी जाऊन राहिला!

इथवर मी बरी होती. येताना बाबा हळूच म्हणतात, "सिंधे, धोंड्याचं वाण द्यायले वसंतरावले बोलावलं आहे. माय नाही, तर अनारसे तूच कर. तेहतीस लागतील. चांगले जाळीदार कर, मुंबईचा माणूस आहे."

दर धोंड्यात माझ्या नवऱ्याले काय मिळते माहीत आहे? "मनोहरराव, आलेच आहा तर विहिरीवरच्या मोटारीचा पट्टा पाहून घ्या." गेल्या वेळी चांदीचं निरांजन द्यायचं ठरलं होतं, ते 'पुढच्या वेळी' झालं. आता मी पीठ दळून तुझ्या नवऱ्यासाठी जाळी पाडणार. पाडते ना. बापाचा शब्द आहे. पण पीठ आंबताना मी काय-काय बोलली, ते त्या पिठालेच माहीत.

सिंधू


८ सप्टेंबर १९७४

शोभे,

वसंतराव येऊन गेले. तू नाही आली, सुट्टी मिळाली नाही म्हणे. अनारसे त्याइनं दोन खाल्ले, बाकीचे डब्यात बांधून दिले, पोहोचले असतील. जाळी पडली होती. त्याइनं बाबाइसाठी ट्रान्झिस्टर आणला. आता बाबा बगीच्यात गाणे ऐकतात आन गड्यांले सांगतात, "शोभीनं पाठवला." पाऊस बरा आहे. फळ हिरवं, भरून राहिलं. ह्यांच्या पाठीत उसण भरली होती, आता बरी आहे. घरमालकानं नळ दुरुस्त केला.

एवढं लिहून मी पेन ठेवून दिला होता. पण तू उद्या विचारशीलच.

हाव, माहीत आहे मले. मधुकररावनं माणूस पाठवून सांगितलं आठ दिवस झाले. हेड ऑफिसचा दुसरा कागद आला. नागपूरच्या संत्रा व्यापारासाठी डिसेंबरपर्यंत वेगळी सूट, कारण 'या भागाचा हंगाम वेगळा आहे'. त्यात जुलै ते सप्टेंबर आन डिसेंबर, सारे महिने जसेच्या तसे, मी तुले लिहिलेले. म्यानेजर म्हणे, "बोंद्रे मॅडम वरच्या साहेबांशी भांडल्या असं ऐकलं. असा कागद मी नोकरीत पहिल्यांदा पाहिला."

तू भांडली. चांगलं केलं. तुझं पत्र पण मिळालं, "लवकर जाऊन सही कर ताई, उशीर करू नको."

आता माझं ऐक. मी परवा संत्रा मार्केटात गेली. आधी तिथे मले सिंधूताई म्हणत होते. गोविंदा, आपला तो टिमकीचा, ज्यानं एकदा माझी वॅगन पळवली होती, तो पन्नास माणसांत हात जोडून म्हणतो, "या या, शोभाताईच्या बहीण!" झालं, तेव्हापासून साऱ्या बाजारानं तेच धरलं. हमाल पण. "शोभाताईच्या बहिणीची पेटी सरकव." बारा वर्षं मी त्या बाजारात घसा फोडला, उन्हात उभी राहिली, दलालांशी भांडली, आन तू मुंबईत पंख्याखाली बसून एक कागद टाइप केला आन बाजार तुझा झाला. बाबा तर काय, हिंगण्याच्या बस स्टँडवर सांगत फिरतात का माझ्या पोरीनं साऱ्या नागपूरची सोय केली. मी मध्येच म्हटलं, "महिने मी सांगितले होते तिले." तर म्हणे, "हाव, पण कागद काढायले डोकं लागते ना."

तर मी सही करायले गेली नाही. धोंड्याचा महिना आहे. आपल्या घरी धोंड्यात व्यवहार करत नाहीत, बाबाइनंच सांगितलं. महिना १६ तारखेले संपते. १७ ले जाईन. हे रोज मागे लागून राहिले का चाल, चाल. मी म्हटलं, "तुम्हाले देवधर्म काही आहे का नाही?" ते म्हणाले, "तुले कधीपासून आला?"

तू पण आता लवकर-लवकर लिहू नको. बँक काही पळून जात नाही.

सिंधू


१८ सप्टेंबर १९७४

शोभा,

काल मी गेली.

बँकेसमोर कोणी नव्हतं. मले वाटलं, चांगलं झालं, गर्दी नाही. मधुकररावनं मले पाहिलं आन चष्मा काढला. म्हणे, "ताई, मी तीनदा माणूस पाठवला." सूट शाखेले एकंदर दिली होती, एकेकाले नाही. एक रक्कम ठरली होती, तेवढी वाटून झाली का बंद. पहिले आले त्याइनं उचलली. शेवटची लिमिट पाच दिवसांपूर्वी गेली. आता वर लिहावं लागेल, तिथून उत्तर यायले महिना. म्हणे, "तुमच्या बहिणीनं तर तुम्हाला सांगितलं असेल ना?"

मी म्हटलं, "नाही सांगितलं." खोटं बोलली. तुले आधीच सांगून ठेवते, तुझ्या कानावर येईलच.

तिथून सरळ हिंगण्याची बस धरली. मनात म्हटलं, बाबाइच्या पाया पडते, पंधरा दिवस मागते. पोहोचली तर गोविंदा पहिल्या झाडाखाली उभा. त्याचा गडी बुंध्यांले चुन्याचा पट्टा मारून राहिला होता. सकाळीच बयाणा ठेवला त्यानं. भाव मुंबईवाल्यापेक्षा जास्त दिला, काहून का आता नागपूरचे लोक पैसा घेऊन उतरले, बोली चढली. म्हणजे तुझा कागद कामाचा होता, शोभे. सगळ्यांच्या कामाचा होता.

मी बाबाइवर ओरडली. गड्यांसमोर, गोविंदासमोर. मी म्हटलं, "माझ्यासाठी थांबवत नव्हतं? काल तर धोंडा संपला, आज सकाळीच विकला!"

गोविंदा समजदार, तो पलीकडे गेला. मंग बाबा म्हणतात, "सिंधे, फळ गळायले लागलं. राखणीले माणूस पाहिजे, ज्याचा बयाणा त्याची राखण. माझ्यानं आता होत नाही."

मी म्हटलं, "मंग धोंड्यातच सांगायचं होतं! मी रीत पाळून बसली ना!"

"कोणती रीत?"

"धोंड्यात बयाणा घेत नाहीत, ती."

बाबा माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणे, "बह्याड पोरी, आपल्या घरी अशी रीत कधी होती? मी त्या मुंबईवाल्याले वाटेले लावायले बोललो होतो. गोविंदा तर धोंड्यातच येऊन गेला दोनदा, त्याले पण तेच सांगितलं. तुझी बँक सुरू होईतोवर काही तरी सांगावं लागत होतं ना."

बाबा पोथी उघडत नाहीत, मंदिरात जात नाहीत, एकादशीले कांदा खातात. मले कसं समजलं नाही, वं? मायच्या राज्यात तरी अशी रीत कधी पाहिली होती मी? मले समजून घ्यायचं नव्हतं, दुसरं काय.

मंग त्याइनं विचारलं. रागानं नाही, रागानं विचारलं असतं तर मी भांडली असती. "मी महिनाभर बगीचा थांबवला तो तुझ्यासाठी. तू कोणाच्यासाठी थांबली?"

याचं उत्तर मी त्याइले दिलं नाही. तुले देते. तुले आन मले, दोघींलेच समजेल असं आहे ते. मले तुझ्या कागदावर बगीचा नको होता. मले वाटत होतं, सहीची एक तारीख तरी माझ्या हिशेबानं ठरावी. हे घरी आले, ऐकलं, आन पेट्यांचं लाकूड मोजत बसले. ह्याचाच मले जास्त त्रास होऊन राहिला.

तू बाबाइले काही लिहू नको. मलेही 'जाऊ दे ताई' असं लिहू नको. तू तसं लिहिलं तर मी पत्र फाडीन, खरं सांगते.

सिंधू


३ नोव्हेंबर १९७४

शोभा,

तुझं उत्तर नाही आलं. मी नको म्हटलं तर खरंच नाही लिहिलं. पहिल्यांदा माझं ऐकलं तू, तेही नेमकं आताच.

इकडची खबर. आमच्या अर्ध्या लिमिटीचं लाकूड आन गवत पडूनच होतं, ते गोविंदानं घेतलं. पेट्या भरायचं काम पण आम्हालेच दिलं. म्हणजे बाबाइचा माल माझ्याच हातानं भरल्या जाऊन राहिला, पण शिक्का गोविंदाचा. पहिल्या दिवशी शिक्का मारताना माझा हात चालेना. ह्यांनी माझ्या हातातून घेतला आन मारत गेले, मारत गेले. एकही वाकडा नाही पडला. रात्री मी म्हटलं, "तुम्हाले काहीच वाटत नाही?" तर म्हणे, "वाटते. पण पेटी पोहोचली पाहिजे ना."

मुंबईचा माणूस यंदा अर्धी ब्याग भरलेलीच घेऊन परत गेला. नागपूरच्या माणसांच्या हाती पैसा होता. मालकांले भाव मिळाला. बाजार अजून पण तुझं नाव घेते, मले अजून पण ठसठसते. पण आता ऐकून घेते. उठून नाही जात.

दसऱ्यानंतर मी एकटीच मधुकररावकडे गेली. मृग बहारासाठी नाव लिहून आली, सगळ्यात वर. तो म्हणाला, "हेड ऑफिसले कळवतो." मी म्हटलं, "कळवा. आन मॅडमले सांगा, नोव्हेंबरचा पैसा नोव्हेंबरातच पाठवा म्हणावं, फेब्रुवारीत नको." आता तू आन मी दोघी एकाच कामात आहोत, असं दिसून राहिलं. मले हे आवडलं असं समजू नको.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी पत्र लिहायले बसली.

चार दिवसांपूर्वी पहिली तोड झाली. तुले माहीत आहे, पहिल्या झाडाचं पहिलं फळ ज्याचा बहार त्यानं तोडायचं आन मालकाच्या हातात द्यायचं. बारा वर्षं मी देत आली. यंदा गोविंदानं तोडलं. तोडलं आन इकडे-तिकडे पाहून, बिचारा, शिडीवरूनच मले म्हणतो, "सिंधूताई, धरा." पाह्य, सिंधूताई म्हणाला. मी धरलं आन बाबाइले दिलं. मोठं होतं, देठाले दोन पानं, अंगावर जरासा हिरवा. बाबाइनं ते धोतरानं पुसलं, वास घेतला, मंग पुन्हा माझ्या हातात ठेवलं. माझ्या डोळ्याले पाणी आलं, शोभे. म्हटलं, बापानं माफ केलं.

तर म्हणतात, "हे चांगलं गुंडाळून शोभीले पाठवून दे. तिच्यामुळेच यंदा भाव मिळाला."

मी हाव म्हटलं. पेपरात गुंडाळलं, पिशवीत ठेवलं. हिंगण्याहून बसमध्ये बसली, खिडकीजवळची जागा मिळाली. कारखान्याची पाळी सुटली होती, गर्दी होती. मांडीवर पिशवी. धंतोलीपर्यंत मी धरून बसली होती.

मंग सोललं आन खाल्लं. अख्खं. बाजूच्या बाईले एक फोड पण नाही दिली.

बाबाइचं पत्र तुले येईल, फळ पोहोचलं का म्हणून. पोहोचलं असं लिही. गोड होतं असं पण लिही, वं.

गोडच होतं.

तुझी ताई